शिलिंगबाईंची चकती

खंबाटकी घाट असो की कसारा, भरलेला ट्रक चढ चढत असला की त्याच्या घरघरीत एक बारीक शीळ मिसळलेली ऐकू येते. घाटातून एसटीने जाणाऱ्या प्रत्येकीने ती ऐकलेली असते. पण ती कशाची, असं विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. ती शीळ असते टर्बोची. ज्या घराचं पोट ट्रकवर चालतं, त्या घरातल्या बाईच्या कानावर हा शब्द हमखास पडतो, तोही बहुतेक वेळा खर्चाच्या संदर्भात. ‘टर्बो गेला’ म्हणजे या महिन्याचा हप्ता लांबला, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं.

आज गोष्ट सांगायची आहे ती एका इंजिनाची आणि ते सुधारणाऱ्या एका बाईची. पण त्याआधी ही शीळ समजून घेऊ. घाबरू नका, चूल आणि स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना हे मेकॅनिकपेक्षा लवकर कळेल.

चुलीत नुसती लाकडं कोंबत गेलं तर काय होतं? धूर. डोळ्यांतून पाणी. आणि फुंकणीने वारा घातला की तीच लाकडं भडकून पेटतात. इंजिनाचंही तसंच आहे. इंधन जळायला हवा लागते. साधं इंजिन स्वतःच्या दमावर जेवढी हवा आत ओढेल, तेवढ्यातच त्याला भागवावं लागतं. पण बाहेरून दाबून जास्त हवा भरली, तर तेवढ्याच इंजिनात जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद वाढते. ही इंजिनाची फुंकणी. तिचे दोन प्रकार आहेत. इंजिनाच्याच ताकदीवर, पट्ट्याने नाहीतर गिअरने फिरते ती सुपरचार्जर. बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोतावर फिरते ती टर्बो. आपल्याकडच्या ट्रकना असतो तो टर्बो.

यातली सुपरचार्जरची कल्पना मोटारीपेक्षाही जुनी. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स या दोघा भावांनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या पंपाचं पेटंट घेतलं. पुढे तो पंप लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला वापरला गेला, म्हणजे शब्दशः लोहाराचा भाताच. इंजिनाला तो जोडण्याची कल्पना नंतरची. टर्बोचं पेटंट १९०५ सालचं, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरचं.

अमेरिकेत सुपरचार्जर लावलेला एक ट्रक बराच गाजला. तिकडे ट्रक म्हणतात ते आपल्या पिकअपसारख्या गाडीला. फोर्ड कंपनीने १९९९ ते २००४ या काळात एफ-१५० लायटनिंग नावाची अशी गाडी काढली होती. ५.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर कंपनीनेच बसवलेला सुपरचार्जर. पहिल्या गाड्यांची ताकद ३६० हॉर्सपॉवर, २००१ पासून ३८०. तरी हौशी लोकांचं समाधान होईना. त्यांनी सोपा उपाय शोधला. पिठाच्या गिरणीत तुम्ही पट्टा आणि पुली पाहिली असेल. फिरणाऱ्या यंत्राकडची पुली लहान केली की यंत्र जास्त जोरात फिरतं. यांनी सुपरचार्जरची पुली लहान केली. झाली हवा जास्त! पण खरा खर्च इथून सुरू होतो. हवा वाढली तर पेट्रोलही त्या मापात वाढायला हवं. मग मोठे इंजेक्टर आले, मोठा पेट्रोल पंप आला, हवा मोजणारा मीटर बदलणं आलं, वेगळे प्लग आले, कॉम्प्युटरमधलं सगळं गणित नव्याने मांडणं आलं. यातलं काही राहिलं आणि पेट्रोल कमी पडलं, तर आतली उष्णता बेसुमार वाढते, इंजिनात ठोके बसायला लागतात आणि पिस्टन वितळतो. लोखंड कापणारी गाडी काही सेकंदांत भंगार! स्वस्तातली पुली शेवटी अशी महागात पडते.

आपल्याकडे हौसेपेक्षा गरजेपोटी हेच होतं, फक्त उलट बाजूने. जुन्या ट्रकचा ‘पंप वाढवून घ्यायचा’ सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. म्हणजे डिझेल जास्त सोडायचं. गाडी घाटात ओढते, मालक खूष. पण हवा तेवढीच राहिलेली असते, मग जादा डिझेल धड जळत नाही. मागून काळा धूर निघतो, तो म्हणजे न जळलेलं आपलंच डिझेल, आपलेच पैसे. शिवाय इंजिन तापतं, टर्बोवर ताण येतो, अ‍ॅव्हरेज पडतं. २०२० च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, म्हणून आता पान्याऐवजी लॅपटॉप घेऊन तेच काम करणारे निघाले आहेत.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पुष्कळ घरांत गाडी बायकोच्या नावावर घेतलेली असते. कर्जासाठी म्हणा, कराच्या हिशेबासाठी म्हणा. सही तिची, निर्णय इतरांचे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, त्यात परवानगीशिवाय गाडीत केलेल्या फेरफारासाठी मालकाला जबाबदार धरलं आहे. प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे आरसी बुकावर जिचं नाव आहे ती. तेव्हा ‘गाडीला काय केलं, किती खर्च आला, आधीच्या आणि नंतरच्या अ‍ॅव्हरेजमध्ये काय फरक पडला’ हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ असं उत्तर आलं, तर पुढची गोष्ट त्यांनाही वाचून दाखवा.

खाटकाची मुलगी

बिॲट्रिस शिलिंगचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या वॉटरलूव्हिल या गावचा. वडील खाटीक. तीन बहिणींत ही धाकटी. बाहुल्यांपेक्षा हिला नट-बोल्टची ओढ. बाराव्या वर्षी मेकॅनोच्या पट्ट्या जोडून हिने चालता चरखा बनवला आणि त्या मासिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. चौदाव्या वर्षी मोटरसायकल घेतली. ती चालवण्यात गंमत होतीच, पण खोलून परत जोडण्यात जास्त.

शाळा संपल्यावर नोकरी मिळाली तीही एका बाईकडे. मार्गारेट पार्ट्रिज या इंजिनिअर बाई डेव्हन भागातल्या खेड्यांत वीज पोचवण्याचा व्यवसाय करत. विसाच्या दशकात एक बाई गावोगाव जनरेटर बसवतेय आणि हाताखाली मुलींना शिकवतेय, हे चित्र आजही आपल्याकडे विरळाच. बिॲट्रिसने तिथे तीन वर्षं तारा ओढल्या, जनरेटर बसवले. तिचा हात पाहून पार्ट्रिजबाईंनीच तिला कॉलेजात जायचा आग्रह केला. मँचेस्टर विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला त्या वेळी मुली अगदी नावालाच. १९३२ मध्ये ती पदवीधर झाली आणि पुढच्या वर्षी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची एमएस्सी. त्यानंतर बर्मिंगहॅममध्ये एका प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन सुरू झालं. विषय होता सुपरचार्जर लावलेली इंजिनं. पुढे सगळ्या देशाला याच विषयाची गरज पडणार होती, हे तेव्हा कुणाला माहीत?

सुटीच्या दिवशी ही बाई लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर असायची. स्वतः जुळवून घेतलेली ५०० सीसीची नॉर्टन घेऊन. तिथे शर्यतीत ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगाने फेरी मारणाऱ्याला ‘गोल्ड स्टार’ मिळे. १९३४ मध्ये तिने १०६ मैलांची फेरी काढली, म्हणजे ताशी १७० किलोमीटर! ब्रुकलँड्सच्या सगळ्या इतिहासात हा तारा मिळवणाऱ्या बायका फक्त तीन, त्यातली ही एक. पुढे जॉर्ज नेलर यांच्याशी लग्न ठरलं, तर म्हणे हिने अट घातली की आधी तूही तो तारा मिळव, मग बघू. ही गोष्ट खरी की रंगवलेली, कोण जाणे! पण जॉर्जना तारा मिळाला आणि १९३८ मध्ये लग्नही झालं, एवढं खरं.

गोता मारला की इंजिन बंद

१९३६ मध्ये ती फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत दाखल झाली. तीन वर्षांनी महायुद्ध सुरू झालं. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात रोज लढाई होत होती. इंग्लंडच्या स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांना एकच इंजिन होतं, रोल्स-रॉइसचं मर्लिन. बारा सिलिंडर, २७ लिटर. त्याचा सुपरचार्जर गिअरवर चालायचा आणि त्याचा पंखा इंजिनाच्या साधारण साडेआठ पट वेगाने गरगरायचा. उंचावर हवा विरळ असते, तिथे या फुंकणीशिवाय इंजिनाला धाप लागते. त्याच वर्षी जास्त चांगलं, १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळायला लागलं, तेव्हा सुपरचार्जरचा दाब वाढवता आला आणि इंजिनाची ताकद हजाराच्या आसपासवरून १३०० हॉर्सपॉवरवर गेली. एवढं सगळं छान. मग अडलं कुठे?

अडलं पेट्रोलच्या एका छोट्या डब्यात. मर्लिनला कार्बोरेटर होता आणि त्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसा फ्लोट, म्हणजे तरंगता फुगा. टाकीत पाणी चढलं की फुगा वर येतो आणि कॉक बंद होतो, पाणी उतरलं की फुगा खाली आणि कॉक सुरू. साधं, भरवशाचं. जोवर टाकी सुलटी आहे तोवर!

शत्रूचं विमान मागे लागलं की पायलट काय करतो? नाक खाली दाबून गोता मारतो. एसटी उंचवट्यावरून वेगात उतरली की पोटात गोळा येतो आणि आपण सीटवरून वर उचलले जातो ना, गोत्यात अगदी तसंच होतं, फक्त कितीतरी पटीने. त्या झटक्यात डब्यातलं पेट्रोल तळ सोडून वर छताला चिकटायचं. खालची नळी कोरडी. इंजिन क्षणभर घुटमळायचं. पायलटने तसंच दाबून धरलं, तर त्याहून वाईट. छताला गेलेलं पेट्रोल फुग्याला खाली ढकलायचं, फुग्याला वाटायचं टाकी रिकामी आहे, म्हणून कॉक पूर्ण उघडायचा. पंप पेट्रोल ओततच राहायचा. ते सगळं सुपरचार्जरमध्ये घुसून तो पेट्रोलने चिंब व्हायचा आणि इंजिन गुदमरून बंद. फुंकणीत पाणी गेल्यावर चूल पेटेल का?

जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. त्यांच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये टोचलं जायचं, फुगा नाही की डबा नाही. ते सरळ नाक खाली घालून निघून जायचे. इंग्रज पायलटला मात्र आधी विमान अर्धं उलटं करावं लागायचं, म्हणजे झटका उलट दिशेने बसेल, आणि मग गोता. तेवढ्या दोन-तीन क्षणांत पुढचा निसटलेला असे, किंवा मागचा गाठत असे. ज्या घरात लढाईवर गेलेला मुलगा आहे, त्या घराला हे क्षण किती मोठे, ते वेगळं सांगायला नको.

रोल्स-रॉइसवाल्यांनी कार्बोरेटर ठेवला तो अडाणीपणाने नव्हे, हेही सांगायला हवं. सुपरचार्जरच्या आधीच पेट्रोल हवेत मिसळलं की त्याच्या वाफेने हवा थंड होते. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटतं तसं. थंड हवा जास्त मावते, ताकद जास्त मिळते. या फायद्यासाठी त्यांनी हा तोटा पत्करला होता. आणि लढाई चालू असताना हजारो इंजिनांची रचना बदलणं कुणालाच शक्य नव्हतं.

भोक लहान केलं

अनेकांनी हा प्रश्न ‘पेट्रोल कमी पडतंय’ या बाजूने पाहिला असता. शिलिंगबाईंनी पाहिलं की खरा घात जास्त पेट्रोलने होतोय. मग त्यांनी विचार केला तो असा. पूर्ण ताकदीवर चालताना या इंजिनाला पेट्रोल लागतं किती? ते मोजता येतं. मग त्याहून थेंबभर जास्त पुढे जाऊच दिलं नाही तर? फुगा कितीही फसू दे, कॉक कितीही उघडू दे, येणारं पेट्रोल इंजिनाला पचेल एवढंच असेल.

आपल्या रॉकेलच्या स्टोव्हला बर्नरमध्ये बारीक भोक असतं, ज्यात आपण पिन घालतो. तुम्ही कितीही पंप मारा, रॉकेल किती यायचं ते शेवटी त्या भोकाच्या मापावर ठरतं. बाईंनी तेच केलं. पेट्रोलच्या नळीत, कार्बोरेटरच्या तोंडाशी, मोजून भोक पाडलेली धातूची चकती. नळाच्या वॉशरएवढा जीव! सुपरचार्जरच्या दाबाप्रमाणे भोकाची दोन मापं, एक १२ पौंडांच्या दाबासाठी, दुसरं १५ पौंडांच्या. इंजिन उतरवायला नको, विमान कारखान्यात न्यायला नको, ते उभं आहे तिथेच काम.

१९४१ च्या सुरुवातीला बाई स्वतः छोटी टीम घेऊन विमानतळांवर फिरल्या. आघाडीवरची विमानं आधी. मार्च १९४१ पर्यंत इंग्लंडच्या संपूर्ण लढाऊ विमानदलात ही चकती बसली होती. १९४० ची मोठी लढाई तोवर होऊन गेली होती, त्या पायलटना ती मिळाली नाही, याची हळहळ वाटते. पण पुढच्यांना मिळाली. त्याच वर्षी त्या दलात हरिकेन उडवणाऱ्यांत आपल्या देशातून गेलेले तरुणही होते. पगडी घालूनच विमान चालवणारे मोहिंदरसिंग पुज्जी त्यातलेच. त्यांच्या इंजिनातही ही चकती असणार.

हा कायमचा इलाज नव्हता. छोट्या गोत्यांपुरतं भागलं, पण उलटं विमान फार वेळ चालवता येत नव्हतंच. नव्या पद्धतीचा कार्बोरेटर १९४३ मध्ये आला, तोवर या चकतीने काम भागवलं. दरम्यान रोल्स-रॉइसमध्ये स्टॅन्ली हूकर नावाचे गणितज्ञ सुपरचार्जरची फुंकणी सुधारत होते. हवेची बाजू त्यांनी, पेट्रोलची बाजू बाईंनी. इतिहासाच्या पुस्तकांत हूकरना आधी जागा मिळाली, हे ओघानेच आलं.

अधिकृत नाव होतं ‘आर.ए.ई. रिस्ट्रिक्टर’. पायलट आणि फिटर मंडळींनी तिला ‘मिस शिलिंगचं भोक’ म्हणायला सुरुवात केली. यातला चावटपणा मराठीतही लपत नाही! लग्न होऊन तीन वर्षं झालेल्या बाईला ‘मिस’ म्हणायचं ते वेगळंच. बायकांच्या कामाचं कौतुकसुद्धा असं डोळा मारूनच करायची जुनी रीत.

युद्धानंतर त्यांना ‘ओबीई’ किताब मिळाला. १९६९ पर्यंत त्या त्याच संस्थेत राहिल्या. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक का लागत नाहीत, यावरही त्यांनी काम केलं. पावसात सुखरूप उतरणाऱ्या आजच्या प्रवाशांनाही त्याचा उपयोग होतोच. पण संस्थेतल्या सगळ्यात वरच्या खुर्च्या मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

हे तिकडचं झालं. आपल्या पुण्यात १९७४ मध्ये, ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ अशी ओळ होती. सुधा कुलकर्णी नावाच्या इंजिनिअर मुलीने त्यावर थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तिला नोकरी मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती. शिलिंगबाई फार्नबरोला रुजू झाल्या त्याला तेव्हा ३८ वर्षं झाली होती.

शिलिंगबाईंच्या हाताची खाज नोकरीने भागली नाही. लग्नानंतर नवरा-बायको दोघं मिळून मोटारींच्या शर्यती करत राहिले. १९६७ मध्ये अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी यांची फॉर्म्युला वन गाडी सारखी तापत होती, तेव्हा त्यांच्या टीमने सल्ल्यासाठी बोलावलं ते या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना. १८ नोव्हेंबर १९९० रोजी त्या गेल्या. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात इंजिनिअरिंगची नवी इमारत २०१८ मध्ये उघडली, तिला त्यांचं नाव आहे. आणि फार्नबरोत एका दारूच्या गुत्त्यालाही!